पाटील का गेला

रवि. १ जून

सुट्टी संपायला पंधरा दिवस. कुरडया झाल्या, कपाटं लावून झाली. नांदेडचं ऊन पडदा ओढला तरी आत येतंच. दुपारी नुसतं बसलं की माणूस भलतेसलते विचार करतं. म्हणून लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला लॅपटॉप काढला आणि सुधीरला म्हटलं, तो जुना खेळ मिळतो का बघ. राखेच्या डोंगराचा. मी आणि गजू लातूरला खेळायचो तो.

नवऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "मास्तरीणबाई, ह्या वयात?" पण दिला शोधून. नव्याने रंगवून विकायला ठेवलाय म्हणे.

सुरुवातीचं वाद्य वाजलं आणि मी अर्धी खुर्ची सोडून बसले. तेव्हा मी वीस वर्षांची, डी.एड.ला. गजू, माझा धाकटा भाऊ, तेराचा. अण्णांनी माझ्या अभ्यासासाठी म्हणून आणलेला कॉम्प्युटर आणि दोघांत एक खुर्ची. बटणं त्याची, इंग्रजी माझं. पडद्यावर वाक्य आलं की मी मराठीत सांगायचे. गजू आ वासून ऐकायचा, जणू मी ते पुस्तकच लिहिलंय. तेवढा मान मला पुढे शाळेतही कुणी दिला नाही.

गुरु. ५ जून

सोबती भेटायला लागले. अर्धा खेळ मारामारीचा, अर्धा बोलण्याचा. दिवसाच्या शेवटी शेकोटी पेटते, एकेकापाशी जाऊन बसायचं. तो काही बोलतो, खाली तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. पटलं तर त्याच्या नावाखालचा दिवा मोठा होतो, नाही पटलं तर बारीक. विझला की तो माणूस आपला राहिला नाही.

त्यांची खरी नावं हातभर लांब. आम्ही आमचं बारसं केलं होतं. जादूटोणा करणारी म्हातारी ती मावशी. चोरटी पोरगी ती चिंगी. आणि मिशीला पीळ देणारा, मानी, जरा काही झालं की तोंड फिरवून बसणारा तलवारबाज, तो पाटील. गजूचा सगळा जीव पाटलात.

तेव्हा शेवटच्या दरवाज्यापाशी पाटील आम्हाला सोडून गेला. गजू दोन दिवस जेवला नाही. या वेळी पाटलाला जाऊ द्यायचं नाही. बाकी जिंकले काय नि हरले काय.

रवि. ८ जून

आईला रोजचा फोन. आई लातूरला गजूकडे असते. फोन गजूनेच उचलला, म्हणजे हिरवं बटण दाबलं आणि एक शब्द न बोलता नेऊन आईच्या हातात दिला. चार वर्षं हे असंच. मागून त्याचा आवाज येतो. घराला लागून इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी बोलत असतो. आवाज अण्णांसारखा होत चाललाय.

आई: "सुट्टी हाय तर येऊन जा की गं."

मी: "येते की. पुढच्या आठवड्यात येते."

भांडण झालं आईच्या डोळ्यावरून. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि मला चौथ्या दिवशी मावसबहिणीकडून कळलं. मी फोनवर नाही नाही ते बोलले. समजूत काढायला तो इथे आला, तर दारातच पुन्हा जुंपली. त्याने एक वाक्य म्हटलं, ते आज लिहीत नाही. त्यावर मी म्हणाले, "जा."

नुसतं जा. आपल्यात निघणाऱ्या माणसाला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. शत्रूलाही ये म्हणतात. मी सख्ख्या भावाला जा म्हणाले, आणि तो गेला.

शुक्र. १३ जून

मावशीला सुकी मासळी लागते. चिंगीला खोटं चालतं, उपदेश चालत नाही. पाटलाला कौतुक केलेलं मुळीच खपत नाही. "काही न बोलता शेजारी बस" असं एक उत्तर असतं, तेवढंच त्याला आवडतं. तीनदा बसले, दिवा टपोरा झाला.

सु. ताटावरून म्हणाला, "त्या पाटलाचं सगळं पाठ हाय तुला. मला वांगं चालत न्हाई, हे चौदा वर्षांत ध्यानात आलं का?"

ताटात वांगंच होतं. दोघंही हसलो. पण त्याचं खरं आहे. खेळात माणसाच्या नावाखाली दिवा असतो, वाढला-उतरला दिसतो. घरात तशी सोय नाही. सु. हसत होता, पण वांगं ताटाच्या कडेला तसंच होतं.

बुध. १८ जून

शाळा सुरू. भोकरची सकाळची गाडी, तिथून पुढे जीप. परत यायला पाच. पहिलीत एकवीस नवी पोरं, त्यातली अर्धी रडतायत. पाय सुजले. खेळ आता शनिवार-रविवारीच.

रवि. २२ जून

पाटलाचा दिवा उतरला! मी वावगं काहीही बोललेले नाही. त्याने दिलेली तलवारसुद्धा जपून ठेवलीय.

गजूने तेव्हा ती तलवार विकून घोडा घेतला होता. त्याचा राग येऊन पाटील गेला, हे आमच्या घरात बारक्या पोरालाही ठाऊक आहे. गजूच्या हळदीतसुद्धा मी चारचौघांत म्हणाले होते, नवरीबाई, दागिने सांभाळा, आमच्या भावाने पाटलाची तलवार विकलेली आहे. सगळे हसले. तोही हसला.

पण या वेळी तलवार माझ्या कमरेला आहे. मग पाटलाचं बिनसलं कशावरून?

रवि. २९ जून

वही घेऊन बसले, मुलांच्या चाचणीसारखी. कुठलं उत्तर दिलं, त्यावर दिवा वर की खाली. सु. म्हणाला, "पाटलाचं प्रगतिपुस्तक का?" दुर्लक्ष केलं.

आणि सापडलं. बोलणं संपवून उठताना दोन वाक्यं येतात. एक, "मी निघतो." दुसरं, "मी परत येईन." मी दर वेळी दुसरं दाबते. विचार न करता. हातच तिकडे जातो.

हात तिकडे का जातो तेही आठवलं. पहिल्यांदा खेळताना मी मोठ्याने सांगितलं, "हे वाक्य म्हणजे, मी जातो." गजू ते दाबणार, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "जातो म्हनू न्हाई रे. येतो म्हनावं." तिला वाटलं गजूच कुठे निघालाय. पण तेव्हापासून आमचा नियमच झाला. पाटलापासून उठायचं तर "येतो पाटील" म्हणूनच उठायचं. सभ्य घरातली मुलं आम्ही.

आणि खेळ बनवणारे कुठले कोण परदेशी. त्यांच्यात येईन म्हणजे येईन. तसं म्हटलं की पाटील खेळातले तीन दिवस वाट बघतो. आपण फिरकलो नाही की दिवा उतरतो. "मी निघतो" म्हटलं तर त्याचं काही म्हणणं नसतं. खुशाल महिनाभर जाऊ नका.

इतकी वर्षं हे कळलं नाही. हसू आवरेना. हे गजूला सांगायला पाहिजे, असं मनात आलं आणि मग हसू आवरलं.

शनि. ५ जुलै

खात्री करायची म्हणून मुद्दाम "परत येईन" म्हटलं आणि गेले नाही. एकदा, दोनदा. खेळातल्या चौथ्या दिवशी पाटील स्वतः उठून माझ्यापाशी आला. मिशीवर राख. तो म्हणाला, "यू डिड नॉट कीप युवर वर्ड."

वर्ड.

चष्मा पुसून परत वाचलं. वर्डच आहे. दिलेला शब्द पाळला नाहीस, असं म्हणतोय तो.

वीस वर्षांची असताना मी ते स्वर्ड वाचलं होतं. आमच्या शाळेत तलवारीला स्वर्डच म्हणायचे, अगदी इंग्रजीचे गुरुजीसुद्धा. वर्ड आणि स्वर्ड, एका एसचा फरक. "तू माझी तलवार सांभाळली नाहीस" असं मी ठणकावून मराठी केलं. गजूने तोंडावर हात धरला, कारण तलवार त्याने विकली होती. पाटील दरवाज्यातून वळून चालू लागला आणि गजू खुर्चीवरून उतरून पलंगाखाली जाऊन बसला.

तलवारीचा काडीचा संबंध नव्हता. पाटील गेला तो माझ्या येतो-येतोमुळे. पोरगं दोन दिवस उपाशी राहिलं आणि मी शेजारी बसून त्याला सांगत होते, लोकांच्या वस्तूंची किंमत ठेवावी.

मंगळ. ८ जुलै

मेसेज लिहिला: गजू, पाटील तुझ्यामुळे गेला नव्हता. पुसला.

गजू, एक गंमत सांगायची होती. पुसला. गंमत कसली.

गजू, माझं चुकलं. हा सगळ्यात आधी पुसला. कशात चुकलं म्हणून विचारलं तर? खेळातल्या चुकीची माफी मागून दारातली माफी टाळायची, एवढी मी हुशार आहे. मला मी ओळखते. सुंभ जळेल, पीळ राहील.

रवि. १३ जुलै

ते वाक्य आता लिहिते.

चार वर्षांपूर्वी दारात उभा राहून गजू म्हणाला होता, "ताई, तुला सांगून काय व्हनार व्हतं? तू येते म्हनतीस. दर फोनला येते म्हनतीस. आई तुझी आवडीची भाजी आनून ठेवती, दारात खुर्ची टाकून बसती. कवा आलीस तू?"

मला लागलं. हा मला खोटारडी म्हणतो? येते म्हणजे काय शपथ असते? फोन ठेवताना दुसरं म्हणायचं तरी काय, जाते? सगळं जग येते म्हणतं. चार वर्षं मी मनातल्या मनात स्वतःचं वकीलपत्र घेऊन बसलेय, आणि दर वेळी खटला मीच जिंकते.

पण आई कॉलेजच्या पोरींसारखी बोलायला म्हणून बोलत नाही. तिचं जग दारापर्यंत. तिला येते म्हणजे येते. बोलाचीच कढी मी तिला रोज वाढतेय आणि ती रोज ताट घेऊन बसतेय. गजूला ते समोर दिसत होतं. मला लांबून फोनवर नुसतं "बरं बरं" ऐकू यायचं.

रडू आलं. सु. आत आला, त्याला म्हटलं कांद्यानं. कांदा टोपलीतच होता. तो चहा ठेवायला गेला.

रवि. २० जुलै

हल्ली पाटलाला "मी निघतो" म्हणते. दर वेळी जिवावर येतं. तो नुसती मान हलवतो. दिवा चढतोय.

आईलाही आठवडाभर येते म्हटलेलं नाही. "बरं आई, ठेवू?" एवढंच. काल आईच म्हणाली, "रुसलीस का गं?" आता काय सांगू.

सु.: "लातूरला जाऊन ये की."

मी: "पंचमी नऊ दिवसांवर आलीय. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, मग बहीण जाते. चार वर्षं तो आला नाही. मी आपली पिशवी घेऊन जाऊन उभी राहू?"

सु.: "हाव. मंग बसा दोघं नाक वर करून. मधी म्हातारीचं भजं हून राहिलं."

दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा फार राग येतो.

शनि. २६ जुलै, लातूर

शनिवारची सकाळची शाळा. नांदेड गाठलं, तिथून लातूरची गाडी. कुणाला कळवलं नाही.

दार वैशालीने उघडलं, गजूच्या बायकोने. "अगंबाई, वन्सं!" म्हणून तिथेच उभी राहिली, मागे बघावं का पुढे, तिला कळेना. आई खुर्चीत. तिने माझा चेहरा हाताने चाचपला, मग मान वळवून डाव्या डोळ्याने बघितलं. उजव्यावर साय धरलीय.

"कुनी आनलं?"

"मीच आले."

"बरं केलंस," म्हणाली आणि लगेच वैशालीला शेपूच्या भाजीचं सांगू लागली. मला शेपू आवडतो हे मीच विसरले होते.

साडेआठला गजू दुकान बंद करून आत आला. चप्पल काढताना मला बघितलं. पोट सुटलंय, कानापाशी पांढरं. "कवा आलीस?" म्हणाला. चार वर्षांपूर्वीचेच शब्द. आज नुसते विचारलेले. "सहाला," म्हटलं. जेवताना दोघंही वैशालीशी बोललो. बिचारी दोघांची उत्तरं इकडून तिकडे पोचवत होती.

रवि. २७ जुलै, नांदेड

आत्ताच पोचले. विसरायच्या आत लिहून ठेवते.

सकाळी चहा घेऊन दुकानात गेले. गजू बॅटऱ्यांत पाणी भरत होता. तिथेच स्टुलावर बसून सांगून टाकलं. येतो पाटील, तीन दिवसांची वाट, वर्ड आणि स्वर्ड. सगळं. चहा गार झाला. त्याने मान वर केली नाही.

"ठाव हाय मला."

"काय ठाव आहे?"

"वर्डचं. तुझं लगीन झाल्यावर एकट्यानंच खेळलो व्हतो. तलवार इकली न्हाई तरी बी पाटील गेला. मंग डिक्शनरी काढून बसलो."

"अरे मग सांगितलं का नाहीस? मी तुझ्या हळदीत सगळ्यांपुढे..."

"काय सांगायचं? आमच्या मास्तरनीला वर्ड वाचता येत न्हाई म्हनून? सासरचे व्हते तुझे तिथं. खामखा हसले असते."

म्हणजे हळदीत तो हसला, तेव्हा त्याला ठाऊक होतं. माझी चूक अंगावर घेऊन हळद लावून बसला होता.  तो नाकातल्या नाकात हसला, मग मलाही हसू फुटलं, दोघं हसत बसलो. एक गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत गेलं.

"शेवटपर्यंत गेलास का रे तू? पाटील थांबतो का?"

"थांबतो की. पन मंग फुडं..."

"सांगू नको!"

"बरं." नरसाळं पुसत राहिला. हसू ओसरलं तसा आवाज बदलला. "पाटलाचं मला काय न्हाई ताई. गेला तर गेला, खेळ व्हता. आईचं वाटतं." नरसाळं बाजूला ठेवून म्हणाला, "सात तारखेला उजवा डोळा हाय. बेस्तरवारी. धाला नंबर लागंल. मागल्या टायमाला सांगितलं न्हाई म्हनलीस. आता सांगितलं."

मी तोंड उघडलं होतं. येते रे, हे अगदी जिभेच्या टोकावर आलेलं. गिळलं. त्याने वाट बघितली.  मग त्याने पुढची बॅटरी ओढली.

त्याला वाटलं असणार, ही आता म्हणायचंसुद्धा सोडून बसली. गाडीत अहमदपूरपर्यंत हेच डोक्यात होतं. पाटलाला कळतं ते गजूला कसं कळणार? पंचमीचं त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

सोम. २८ जुलै

भावाचा उपवास. मधली चार वर्षंही केला, कुणाला न सांगता. शाळेत सगळ्याच बाया उपाशी, पोरांच्या खिचडीच्या वासाने जीव कासावीस. दुसरीच्या मॅडमनी विचारलं, "भाऊ येणार का न्यायला?" म्हटलं, दुकान असतं हो.

मंगळ. २९ जुलै

पंचमी. नाही आला. संध्याकाळपर्यंत फाटकाचा आवाज झाला की बघत होते. फक्त दूधवाला. आता आईला खुर्ची टाकून बसताना कसं वाटत असेल ते कळलं. एका दिवसात पाठ दुखली.

रवि. ३ ऑगस्ट

शेवटचा दरवाजा. पाटलाचा दिवा पूर्ण. बाकीचे आत गेले, तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मिशीला पीळ दिला आणि माझ्या बाजूला येऊन थांबला.

थांबला. अठरा वर्षांनी थांबला, आणि मला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. चांगलं वाटलं, एवढंच. दरवाजा उघडायचा तसाच ठेवून कणीक मळायला उठले. पुढे काय होतं ते गजूला ठाऊक आहे.

मंगळ. ५ ऑगस्ट

मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज दिला. "सातला केंद्रात शिक्षण परिषद हाय मॅडम. नेमकं त्याच दिवशी?" म्हटलं, आईचा डोळा आहे. "बघू," म्हणाले. त्यांच्या बघूला तर माझ्या येतेइतकीही किंमत नाही.

आईचा फोन. "बेस्तरवारी हाय बघ. तुझी शाळा असंल म्हना." जीभ दाताखाली धरली. "वेळेवर जेव आई," एवढंच म्हटलं.  मग, "बरं."

इतकं कडू बरं मी तिच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. आत्ता फोन लावावा आणि सांगावं का? पण सांगितलं आणि रजा नाही मिळाली, गाडी चुकली, काहीही झालं, तर? पुन्हा खुर्ची, पुन्हा शेपू. नको. आधी जाऊन उभी राहीन, मग काय बोलायचं ते बोलेन.

बुध. ६ ऑगस्ट

रजा मंजूर नाही, नामंजूरही नाही. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले. अर्ज पुन्हा लिहून त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवून आले. मेमो आला तर येऊ दे. सतरा वर्षांत पहिला असेल.

पहाटे पावणेसहाची लातूर. सु. सोडायला येतो म्हणालाय. तो येतो म्हणाला की येतो, हेही आजच लिहून ठेवावंसं वाटलं. उद्या डब्याला वांगं नाही.

गुरु. ७ ऑगस्ट, एसटीत

अक्षर वाकडं येतंय. लोह्याला टायर बसलं, तासभर गेला. अहमदपूरच्या स्टँडवर पोचलो तेव्हा पावणेनऊ. नुसता जीव टांगणीला. ड्रायव्हर चहाला उतरलेला, मी खिडकीतल्या बाईच्या डोक्यावरून त्याच्याकडे डोळे वटारून बघतेय, त्याला त्याचं काही नाही.

तेवढ्यात फोन. पडद्यावर गजू. आईचा नंबर नव्हे, त्याचा. चार वर्षांनी ते नाव असं उजळलेलं बघितलं. आईला काही झालं का?

"ताई." मागे दवाखान्याचा गलका. "आई भ्याली हाय जरा. आत न्यायच्या आधी तुझ्याशी बोलायचं म्हनती. देऊ का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात कंडक्टर दाराशी उभा राहून ओरडला, "चला चाकूर, लातूर! चाकूर, लातूर!" इतक्या मोठ्याने, की स्टँडवरचं कुत्रं उठलं. घंटी दोनदा वाजली. गाडी हलली.

पलीकडून आईचा आवाज आला, "काय म्हनती? काय म्हनती रे?" त्याने उत्तर दिलं नाही. आईला फोनही दिला नाही.  काही म्हणायचं नाही हेच तर मी ठरवलेलं.

मग तो म्हणाला, "चाकूरच्या फुडं रस्ता लई खराब हाय. तुला मळमळतं. खिडकीपाशी बस."

फोन बंद.

शेजारच्या बाईंना म्हटलं, जरा खिडकी द्याल का. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता उठल्या. नऊ वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. लातूर अजून दीड तास.